मातेचें ताट आणि संततीचें आयुष्य



गरोदरपणाचा सातवा महिना लागला कीं आपल्याकडील घराघरांतून डोहाळेजेवणाची तयारी सुरू होते. सुनेला हिरवी साडी नेसवितात, फुलांची वाडी भरतात, आवडीचे पदार्थ तिच्यापुढें मांडतात आणि काय खावेंसें वाटतें तें विचारून पुरवितात. या कौतुकाला आपण केवळ हौस समजतों. परंतु त्याच्या मुळाशीं एक फार जुनी समजूत आहे. 'डोहाळे' हा शब्द संस्कृत 'दौहृद' या शब्दापासून आला. गर्भिणीच्या शरीरांत दोन हृदयें असतात, एक तिचें आणि दुसरें गर्भाचें. म्हणून तिच्या इच्छा ह्या दोघांच्याहि इच्छा होत, असा त्याचा भाव. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत सांगितलें आहे कीं, चौथ्या महिन्यांत गर्भाचें हृदय व्यक्त होतें, आणि त्या वेळच्या इच्छा अतृप्त राहिल्यास मूल कुबडें, लुळें किंवा अन्य कांहीं व्यंग घेऊन जन्मास येतें. चरकसंहितेंत तर गर्भिणीनें कोणत्या महिन्यांत काय घ्यावें याचा क्रमच दिला आहे, आणि त्यांत दूध व तूप यांना मोठें स्थान आहे.

इच्छा अपुरी राहिली म्हणून मूल लुळें होतें, हें आजचें शास्त्र मानीत नाहीं. परंतु त्या समजुतीच्या पोटांत दडलेला प्रश्न शास्त्रानें गेल्या शंभर वर्षांत पुन्हां हातीं घेतला. प्रश्न असा, कीं आईनें त्या दिवसांत काय खाल्लें याची खूण मुलाच्या शरीरावर किती काळ राहते? जन्मापुरती, बालपणापुरती, कीं मूल साठीला पोंचेपर्यंत? या प्रश्नाचें उत्तर कसकसें मिळत गेलें, आणि त्यांत महाराष्ट्रांतील मुंबई शहराचा व पुण्याजवळील कांहीं खेड्यांचा वाटा केवढा मोठा आहे, तें आज सांगावयाचें आहे.

उत्तराकडे वळण्यापूर्वीं हा प्रश्न कोणाचा आहे तें पाहूं. कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम अंगाला शाहूवाडी तालुका आहे. मलकापूर मागें टाकून रत्नागिरीच्या रस्त्यानें आंबा घाटाकडे जाऊं लागलें म्हणजे दोन्ही बाजूंस डोंगर, उतारावर नाचणी आणि खालीं पाणथळ जागीं भाताचीं खाचरें दिसतात. जुलै महिन्यांत लावणी ऐन भरांत येते, आणि रोप लावण्याचें काम बहुतेक बायकांच्या हातचें. खालीं चिखल, वर पाऊस, आणि कंबर दिवसभर वांकलेली. त्यांतच एखादी पांच महिन्यांची गरोदरहि असते. घरीं आल्यावर चूल, पाणी आणि जनावरें तिची वाट पाहत असतात. सर्वांचीं जेवणें झालीं म्हणजे ती आपलें ताट वाढून घेते. भाकरी असते, भात असतो, वर पातळ आमटी असते. कोरड्यास उरलें तर उरलें. दूध सकाळींच डेअरीला गेलेलें. अशा बाईचें पोट भरतें, पण ताट अपुरें असतें.

हा भेद लक्षांत ठेवावा, कारण पुढील सर्व इतिहास याच भेदाभोंवतीं फिरतो. आणि ही गोष्ट केवळ डोंगरांतल्या शेतकरणीची आहे, अशी समजूत कोणी शहरवासी गृहस्थांनीं करून घेऊं नये. सकाळचा डबा भरण्याच्या घाईंत चहावर वेळ मारून नेणारी, आठवड्याला दोन उपवास करणारी आणि दुपारीं उरलेंसुरलें संपविणारी आपल्या घरांतील सुशिक्षित सूनहि याच पंक्तींत बसते.

शाहूवाडीसारख्या डोंगरी मुलखांतून आणि कोंकणांतून पिढ्यान् पिढ्या माणसें पोटासाठीं मुंबईस गेलीं व गिरणीच्या भोंग्यावर उठूं-बसूं लागलीं. त्यांच्याबरोबर त्यांचें ताटहि गेलें. परसांतील भाजी आणि गोठ्यांतील दूध मात्र मागें राहिलें. आपल्या विषयाचें एक आरंभींचें शास्त्रीय प्रकरण याच मुंबईंत लिहिलें गेलें. १९२८ सालीं डॉ. लुसी विल्स नांवाच्या इंग्रज विदुषी तेथें आल्या. हिंदुस्थानांतील बाळंतिणींच्या मृत्यूंची चौकशी त्या वेळीं सुरू झाली होती, डॉ. मार्गारेट बाल्फोर यांच्या सांगण्यावरून विल्सबाईंनीं त्या कामांत भाग घेतला आणि परळच्या हाफकिन संस्थेंत आपलें संशोधन चालविलें. गिरण्यांत राबणाऱ्या व गरीब वस्त्यांत राहणाऱ्या गरोदर स्त्रियांत एक भयंकर पंडुरोग आढळत असे. रक्तांतील तांबड्या पेशी संख्येनें घटत, पण आकारानें वाढत; बाई पांढरीफटक पडे, आणि पुष्कळदां आई व मूल दोघेंहि हातचीं जात.

प्रथम जंतुसंसर्गाचाहि विचार झाला. पण विल्सबाई स्त्रियांच्या आहाराची चौकशी करूं लागल्या तेव्हां त्यांना दिसून आलें कीं, दूध, फळें आणि भाज्या ज्यांच्या वांट्याला फारच थोड्या येतात त्यांच्यांतच हा रोग अधिक आहे. पुढें उंदरांवर व माकडांवर प्रयोग झाले. मार्माइट नांवाचा यीस्टचा एक स्वस्त अर्क इंग्लंडांत घरोघरीं पावाला लावून खात. तो दिला असतां रक्त सुधारतें असें आढळलें, आणि रोगी स्त्रियांनाहि त्यानेंच उतार पडला. हा वृत्तान्त १९३१ सालीं प्रसिद्ध झाला. त्या अर्कांतील गुणकारी द्रव्य कोणतें याचा उलगडा होण्यास आणखी दहा वर्षें लागलीं. १९४१ सालीं अमेरिकेंत पालकाच्या पानांतून एक द्रव्य वेगळें काढण्यांत आलें. लॅटिन भाषेंत पानाला 'फोलियम' म्हणतात, म्हणून त्याला फॉलिक ॲसिड हें नांव मिळालें. आज गरोदर स्त्रीला दवाखान्यांत जी गोळी मिळते तिच्या इतिहासाचा उगम असा परळच्या एका प्रयोगशाळेंत आहे.

याच सुमारास आईच्या विश्रांतीचा भार कोणीं उचलावा हा वाद मुंबईच्या कायदेकौन्सिलांत चालू होता. १९२८ च्या जुलै महिन्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं त्या बिलाचा पुरस्कार करतांना प्रतिपादन केलें कीं, प्रसूतीच्या आधीं आणि नंतर मातेला विश्रांति मिळणें हें राष्ट्राच्या हिताचें आहे. १९२९ सालीं मुंबई इलाख्यांत तसा कायदा झाला. हिंदुस्थानांतील या जातीचा तो पहिला कायदा. त्या काळीं शास्त्रज्ञ असोत कीं कायदेपंडित असोत, दोघांची दृष्टि मातेचा जीव वांचावा आणि बालक जिवंत उपजावें येथपर्यंत पोंचली होती. जिवंत उपजलेल्या त्या बालकाचें पन्नासाव्या वर्षीं काय होणार, हा प्रश्न अजून कोणाच्या वहींत उतरला नव्हता.

तो उतरविला एका युद्धानें. १९४४ च्या सप्टेंबरांत हॉलंडमधील आगगाडीच्या कामगारांनीं दोस्त सैन्याच्या साहाय्यार्थ संप केला. त्याचा सूड म्हणून जर्मनांनीं देशाच्या पश्चिम भागांत जाणारें अन्न अडविलें. त्यांत हिवाळा कडक पडला; कालव्यांचें पाणी गोठलें आणि होड्याहि बंद झाल्या. ॲमस्टरडॅमसारख्या संपन्न शहरांत डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत माणशीं दिवसाला ४०० ते ८०० कॅलरींचें रेशन उरलें. १९४५ च्या मे महिन्यांत देश मुक्त झाला आणि अन्न पुन्हां मिळूं लागलें. दुष्काळ जगांत पुष्कळ झाले. परंतु ज्याचा आरंभ आणि शेवट तारखेनिशीं सांगतां येतो, आणि ज्याच्या काळांतील प्रसूतिगृहांचीं दप्तरें शाबूत राहिलीं, असा हा दुष्काळ विरळा. त्यामुळें कोणतें मूल गर्भाच्या कितव्या महिन्यांत उपाशी राहिलें, हें पुढें नेमकें काढतां आलें.

तीं मुलें मोठीं झाल्यावर त्यांची तपासणी झाली. ज्यांच्या आया गरोदरपणाच्या मध्यावर किंवा अखेरीस उपाशी होत्या तीं मुलें जन्मतः लहान होतीं, आणि पन्नाशीला आल्यावर त्यांच्या शरीराला साखर पेलण्याचें काम जड जात होतें. हें १९९८ सालीं प्रसिद्ध झालें. त्याहूनहि विलक्षण गोष्ट दुसऱ्या गटाची. ज्यांच्या आया अगदीं आरंभींच्या महिन्यांत उपाशी राहिल्या व मग पोटभर जेवल्या, त्यांचीं मुलें जन्मतः चांगल्या वजनाचीं होतीं. सुईणीनें तराजूंत घालून पाहिलें असतें तर तिला कांहींच उणें दिसलें नसतें. पण उतारवयांत हृदयविकार याच गटांत अधिक आढळला. म्हणजे आरंभींच्या उपासमारीची जी खूण तराजूला दिसली नाहीं ती हृदयानें जपून ठेविली होती. लायडेन येथील संशोधकांनीं १९०० नंतरच्या शतकाचें हें ऋण पुढील शतकांतहि तपासलें: २००८ सालीं त्यांनीं दाखविलें कीं, त्या हिवाळ्यांत गर्भरूपानें असलेल्या माणसांच्या एका जनुकावरील रासायनिक खुणा, साठ वर्षें लोटल्यावरहि, त्यांच्याच भावंडांहून निराळ्या आहेत.

इंग्लंडमध्यें हीच गोष्ट दुष्काळावांचून उघडकीस आली. हर्टफर्डशायर परगण्यांत एथेल मार्गारेट बर्नसाइड नांवाच्या आरोग्य-निरीक्षक बाई होत्या. त्यांच्या हाताखालच्या परिचारिका १९११ पासून प्रत्येक नवजात बालकाचें वजन आणि वर्षानंतरचें वजन वहींत टिपून ठेवीत. साउदॅम्प्टनचे डॉ. डेव्हिड बार्कर यांना ह्या वह्या मिळाल्या. त्यांतील ५,६५४ पुरुषांचा माग काढून त्यांनीं १९८९ सालीं दाखविलें कीं, वर्षाच्या वयाला जीं बालकें सर्वांत हलकीं होतीं त्यांच्यांत हृदयविकारानें मरण्याचें प्रमाण सर्वांत वजनदार बालकांच्या दुपटीहून अधिक होतें. हृदयविकार हा सुखवस्तु माणसाचा रोग, तूप-लोण्याचा रोग, अशी तोंवरची कल्पना होती. बार्कर यांनीं त्याचें मूळ गरीब आईच्या ताटांत शोधलें. प्रथम पुष्कळांनीं त्यांचें म्हणणें हंसण्यावारी नेलें. पण पुरावा सांठत गेला आणि विरोध ओसरला.

हें घडतें कसें, याचा एक घरगुती दृष्टान्त देतां येईल. घर बांधतांना मध्येंच पैसा आटला तर शहाणा गृहस्थ काय करतो? देवघर आणि माजघर नीट उभारतो, आणि कोठार, पडवी, गोठा यांत काटकसर करतो. गर्भहि तेंच करतो. अन्न अपुरें पडूं लागलें कीं तो मेंदूला शक्य तों झळ लागूं देत नाहीं; पण इन्शुलिन निर्माण करणारें स्वादुपिंड, यकृत, मूत्रपिंड आणि स्नायु यांचा वांटा तो कमी करतो. मूत्रपिंडांतील रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म गाळण्या जन्मापूर्वींच तयार होतात. त्या जितक्या झाल्या तितक्यांवर जन्मभर भागवावें लागतें. शिवाय तो गर्भ बाहेरच्या जगाविषयीं एक अंदाजहि बांधतो. येथें अन्न थोडें आहे, तेव्हां मिळेल तें सांठवून ठेवावें, अशी त्याच्या शरीराची घडण होते. पुढें तो जन्मभर काटकसरींतच राहिला तर कदाचित् निभावून जाईल. पण तोच मुलगा शहरांत आला, खुर्चीवर बसला आणि तेल, साखर व मैदा त्याच्या हाताशीं आला, म्हणजे काटकसरीसाठीं बांधलेलें तें कोठार तुडुंब भरून फुटूं लागतें. बार्कर आणि केंब्रिजचे प्रोफेसर हेल्स यांनीं १९९२ सालीं ही उपपत्ति मांडली.

आतां आपल्या घरीं परत येऊं. पुण्याच्या केईएम रुग्णालयांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक मधुमेहाच्या रोग्यांना तपासीत असतां त्यांना एक कोडें पडलें. इंग्रजी पुस्तकांत मधुमेही माणूस स्थूल आणि उतारवयाचा असावयाचा. त्यांच्यापुढें येणारे रोगी तरुण, आणि त्यांतले कित्येक दिसण्यांत बारीक. या कोड्याचें उत्तर आईच्या पोटापासूनच शोधावें असें त्यांनीं ठरविलें. साउदॅम्प्टनच्या डॉ. कॅरोलिन फॉल आदिकरून संशोधकांच्या साहाय्यानें, १९९३ सालीं, पुण्यापासून चाळीस-पन्नास किलोमीटरांवरील सहा खेड्यांत काम सुरू झालें. सुमारे अडीच हजार विवाहित स्त्रियांचीं नांवें नोंदलीं गेलीं आणि गर्भ राहण्याच्या आधींपासून त्यांची दरमहा विचारपूस होऊं लागली. ज्यांना दिवस गेले अशा सुमारे ८०० स्त्रियांनीं काय खाल्लें, किती खाल्लें, किती काम केलें, हें घरोघरीं जाऊन टिपलें गेलें. त्यांचीं मुलें पुढें सहाव्या, बाराव्या आणि अठराव्या वर्षीं पुन्हां तपासण्यांत आलीं. विदेशी शास्त्रज्ञांना जुन्या वह्यांतून जें शोधून काढावें लागलें, तें येथें मुळापासून पुढें पाहत जाणें शक्य झालें. हेंच या कामाचें वैशिष्ट्य.

त्यांतून काय निघालें? ह्या स्त्रियांचें गरोदरपणापूर्वींचें वजन सरासरीनें ४२ किलोंच्या आंतबाहेर होतें, आणि गरोदरपणांत त्यांना दिवसाकाठीं १,७००-१,८०० कॅलरी मिळत होत्या. त्यांचीं बालकें सरासरी २.७ किलो वजनाचीं; साउदॅम्प्टनचीं ३.५ किलोंचीं. पण हा फरक सगळ्या शरीरांत सारखा वांटलेला नव्हता. आपल्या बालकांचे स्नायु आणि पोटांतील इंद्रियें फार लहान होतीं; मात्र कातडीखालची चरबी त्या मानानें मुळींच कमी नव्हती. दिसावयास कृश पण आंतून मेदयुक्त, अशा या बालकाचें वर्णन २००३ सालीं जगापुढें आलें. तरुण वयांतील बारीक मधुमेही माणसाचें कोडें असें पाळण्यांतच सुटूं लागलें.

दुसरा निष्कर्ष तर गृहिणींनीं विशेष ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. आईनें एकंदर किती कॅलरी खाल्ल्या, याचा बालकाच्या आकाराशीं फारसा संबंध दिसला नाहीं. संबंध दिसला तो हिरव्या पालेभाज्या, फळें आणि दूध यांच्याशीं. ज्या स्त्रिया हे पदार्थ वारंवार खात, त्यांचीं बालकें अधिक चांगल्या अंगाचीं निपजलीं. आणि ज्यांच्यावर शेताचें व घरचें काम जड पडे, त्यांचीं बालकें लहान भरलीं. पोट आणि ताट यांतील जो भेद आपण आरंभीं पाहिला, तो असा सहा खेड्यांतील मोजमापानें पुढें आला.

तिसरा निष्कर्ष अधिक गुंतागुंतीचा आहे. ह्या स्त्रियांच्या रक्तांत फॉलिक ॲसिडचा तुटवडा जवळजवळ नव्हताच. एक तर घरची भाजी-आमटी, आणि दुसरें म्हणजे १९७० पासून सरकारी योजनेंतून मिळणारी लोहाची व फॉलिक ॲसिडची गोळी. परंतु दर तिघींत दोघींच्या रक्तांत बी-१२ हें जीवनसत्त्व कमी होतें. हें जीवनसत्त्व वनस्पतींत नसतें. तें दूध, दहीं, अंडीं, मासे व मांस यांतूनच मिळतें. शाकाहारी घरांत दूधहि कमी पडलें म्हणजे त्याला वाटच उरत नाहीं. मुलें सहा वर्षांचीं झाल्यावर असें आढळलें कीं, ज्यांच्या आयांच्या रक्तांत फॉलिक ॲसिड पुष्कळ आणि बी-१२ तुटपुंजें होतें, त्या मुलांत इन्शुलिनचें काम सर्वांत अधिक अडखळत होतें. हें २००८ सालीं प्रसिद्ध झालें. जनुकांवरील ज्या रासायनिक खुणांचा उल्लेख मघां केला, त्या घडविण्याच्या कामीं हीं दोन्हीं जीवनसत्त्वें जोडीनें लागतात. एक बैल सशक्त आणि दुसरा खंगलेला असला म्हणजे गाडी जशी वाटेवरून सरकते, तसा कांहीं प्रकार येथें होत असावा. तीं मुलें अठरा वर्षांचीं झालीं तेव्हां त्यांतील जवळजवळ निम्मीं अंगानें रोडच होतीं. तरीहि दर तीन तरुणांमागें एकाहून अधिकाच्या, आणि तरुणींत त्याच्या सुमारें निम्म्या प्रमाणांत, रक्तांतील साखर मर्यादेबाहेर गेलेली आढळली.

याचा अर्थ फॉलिक ॲसिडची गोळी टाकून द्यावी असा कोणी करूं नये. १९९१ सालीं एका मोठ्या प्रयोगानें सिद्ध झालें आहे कीं, गर्भधारणेच्या आधींपासून ती घेतल्यास बालकाच्या पाठीच्या कण्याचें व मेंदूचें एक भयंकर व्यंग बव्हंशीं टळतें. लोहाची गोळी तर आईचा जीव वांचविते. सांगावयाचें तें इतकेंच कीं, गोळी ही ताटाच्या बदलीं नसून ताटाच्या जोडीला आहे. आणि ज्या घरांत केवळ शाकाहार आहे तेथें बी-१२ विषयीं डॉक्टरांना मुद्दाम विचारावें.

संबंध दिसणें निराळें आणि कारण सिद्ध होणें निराळें, हें शास्त्रज्ञहि जाणतात. म्हणून पुढें प्रयोग झाले. मुंबईच्या गरीब वस्त्यांत २००६ ते २०१२ या काळांत एक मोठा प्रयोग झाला. त्यांत स्त्रियांना दिवस जाण्यापूर्वींपासूनच रोज एक खाद्य दिलें जाई. कांहीं जणींच्या खाद्यांत पालेभाजी, फळ आणि दूध असे. कांहींच्या खाद्यांत बटाटा-कांद्यासारखे साधे पदार्थ. सर्व स्त्रिया मिळून पाहिल्या तर बालकांच्या वजनांत लक्षणीय वाढ दिसली नाहीं. पण ज्यांनीं गर्भधारणेच्या निदान तीन महिने आधींपासून तें चांगलें खाद्य खाल्लें, त्यांच्या बालकांचें वजन सरासरी ४८ ग्रॅमनें अधिक भरलें. आणि गरोदरपणांत होणारा मधुमेह, जो दुसऱ्या गटांत सुमारे १२ टक्के स्त्रियांना झाला, तो या गटांत ७ टक्क्यांनाच झाला. पुण्याच्या संशोधकांनीं २०१२ सालीं आणखी एक पाऊल मागें घेतलें: त्याच खेड्यांतील वयांत आलेल्या मुलामुलींना, तीं आईबाप होण्याच्या कितीतरी आधीं, बी-१२ व इतर जीवनसत्त्वें देऊन पाहण्यास प्रारंभ केला. गर्भाचें पोषण शोधीत निघालेलें शास्त्र असें मागें मागें सरकत शाळेंत जाणाऱ्या मुलीच्या ताटापाशीं येऊन पोंचलें आहे.

याचें कारण उघड आहे. गर्भाच्या मज्जारज्जूची नळी गर्भधारणेपासून चार आठवड्यांच्या आंत मिटते. पाळी चुकली आहे, हें तोंपर्यंत पुष्कळ स्त्रियांना नीटसें उमगलेलेंहि नसतें. आपलें डोहाळेजेवण होतें सातव्या महिन्यांत. तोंवर घराचा पाया तर सोडाच, भिंतीहि उभ्या झालेल्या असतात. कौतुक योग्य आहे, पण तें उशीरा येतें.

येथें एका अन्यायाविषयीं सावध राहिलें पाहिजे. हें सर्व ऐकून कोणी असें म्हणूं लागेल कीं, मुलाला मधुमेह झाला तो आईनें नीट खाल्लें नाहीं म्हणून. हें शास्त्राचें म्हणणें नव्हे. आनुवंशिकता आहे, पुढील आयुष्यांतील खाणेंपिणें आहे, व्यायामाचा अभाव आहे. आईचा आहार हें अनेक कारणांतील एक कारण. शिवाय त्या बाईच्या ताटांत काय पडावें हें तिच्या एकटीच्या हातीं होतें कोठें? दूध विकावें कीं घरीं ठेवावें हें कोणी ठरविलें? सर्वांच्या मागून जेवावें ही रीत कोणी घातली? मुलाला वाटीभर दूध आणि मुलीला चहा, हा पंक्तिप्रपंच कोणी केला? ताट तिचें असलें तरी वाढणारे हात घराचे आणि समाजाचे आहेत.

शाहूवाडीच्या डोंगरांत या प्रश्नाचें निम्में उत्तर उगवत असतें, हीहि नोंद घ्यावी. शंभर ग्रॅम नाचणींत सुमारे ३४० मिलिग्रॅम कॅल्शियम असतें. सडलेल्या तांदळांत दहाच्या आसपास. पहिल्या पावसाबरोबर टाकळा, कुर्डू यांसारख्या रानभाज्या बांधावर आपण होऊन उगवतात आणि त्यांना पैसा पडत नाहीं. गोठ्यांत म्हैस असते, अंगणांत कोंबड्या असतात. मोल वाढलें म्हणून तांदूळ प्रतिष्ठेचा झाला आणि नाचणी गरिबाची ठरली. दूध आणि अंडीं बाजाराचीं झालीं. म्हणून डेअरीला दूध घालतांना एक पेलाभर घरांतील लेकीसुनांसाठीं मागें ठेवावें; भाजी उरेल तेव्हां नव्हे तर आधीं तिच्या पानांत वाढावी; दिवस गेलेल्या बाईला लावणीच्या दिवसांत वांकण्याच्या कामांतून सोडवावें. शहरांतील घरांना तर याहूनहि सोपें आहे. सर्वांनीं एका वेळीं एका पंक्तीला बसावें, आणि बारा-चौदा वर्षांच्या मुलीच्या ताटाकडे, ती उद्यांची माता आहे म्हणूनच नव्हे, तर ती आज वाढतें माणूस आहे म्हणून, नीट पाहावें.

सुश्रुतानें दोन हृदयें पाहिलीं. आजच्या शास्त्राला त्याच्या मागें तिसरेंहि दिसूं लागलें आहे. कारण गर्भांतील मुलगी जन्मास येण्यापूर्वींच तिच्या शरीरांत तिच्या पुढील संततीचीं बीजें तयार झालेलीं असतात. एका ताटावर अशा तीन पिढ्या जेवतात. तें ताट पुरें वाढलेलें असावें, एवढीच विनंति करून आपली रजा घेतों.